धन्वंतरी महाल आणि आजीबाईचा बटवा

तंजावरात दिवाळीची पहाट अभ्यंगाने उजाडते. तिळाचे कोमट तेल अंगात जिरवावे, उटणे लावावे, शिकेकाईने केस धुवावे, आणि स्नान आटोपताच आले, मिरी, ओवा, गूळ व तूप घालून आटवलेल्या लेहियमाची गोळी तोंडात टाकावी, असा तेथला परिपाठ. फराळाने पोट बिघडू नये म्हणून औषध आधी आणि फराळ मागून, हा त्यातला शहाणपणा. महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाला या सोहळ्यात परके असे फारसे काही वाटत नाही. उटण्यातला नागरमोथा तेथे 'कोरै किळंगु' होतो, वाळ्याला 'वेट्टिवेर' म्हणतात, आणि दख्खनच्या माळावर पिवळ्या फुलांनी बहरणारा तरवड कावेरीच्या काठी 'आवारम्' या नावाने भेटतो. नावे बदलली, तरी वास तोच राहिला.

या दोन प्रदेशांची गाठ १६७६ च्या सुमारास पडली. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी तंजावरची गादी घेतली आणि तेव्हापासून १८५५ पर्यंत तेथे भोसल्यांचे राज्य नांदले. त्यांच्याबरोबर सरदार, कारकून, शास्त्री आणि कीर्तनकार गेले. त्यांच्या बायकामुलांबरोबर घरगुती औषधांचा बटवाही गेला. राजदरबाराच्या इतिहासात या बटव्याला सहसा स्थान मिळत नाही. पण तंजावरात एक राजा असा निघाला की, ज्याने बटव्यातल्या विद्येला राजवाड्यात जागा दिली. ते म्हणजे दुसरे सरफोजी राजे.

सरफोजींचा जन्म १७७७ चा. तुळजाजी महाराजांनी त्यांना दत्तक घेतले आणि १७८७ मध्ये मृत्यू समीप आला असता श्वार्ट्‌झ नावाच्या जर्मन पाद्र्याच्या हाती सोपविले. पुढची काही वर्षे या मुलाच्या वाट्याला कोंडवासच आला. गादीवर अमरसिंह बसले होते आणि दत्तक वारसाला शिकू देण्यातही अडथळे येत होते. श्वार्ट्‌झच्या खटपटीने त्याची सुटका झाली व मद्रासेत शिक्षण झाले. १७९८ मध्ये सरफोजींना गादी मिळाली. पण लगेच पुढच्या वर्षी, १७९९ च्या तहाने, राज्याचा कारभार कंपनी सरकारच्या हाती गेला. राजाकडे उरला तो किल्ला, ठराविक नेमणूक आणि वसुलाचा पाचवा हिस्सा.

एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी राज्य असून नसल्यासारखे झालेल्या माणसाने काय करावे? शिकार, नाच आणि कर्ज या वाटेने जाणारे संस्थानिक त्या काळी थोडे नव्हते. सरफोजींनी दुसरी वाट धरली. सरस्वती महाल या वाडवडिलांच्या ग्रंथभांडाराची त्यांनी अशी वाढ केली की, ते पुढे त्यांच्याच नावाने प्रसिद्ध झाले. देवनागरी छापखाना घालून मराठी व संस्कृत पुस्तके छापविली. बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरविले. आणि वैद्यकासाठी उभारला तो धन्वंतरी महाल.

या महालात आयुर्वेद जाणणारे वैद्य होते, तामिळ मुलुखातले सिद्धवैद्य होते, युनानी हकीम होते आणि पाश्चात्त्य वैद्यकाचीही तेथे ओळख होती. औषधे माणसांसाठी होत, तशी जनावरांसाठीही होत. एकाच छपराखाली चार परंपरांचे जाणते बसविणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. कारण प्रत्येक परंपरेला आपलेच शास्त्र खरे वाटे आणि प्रत्येक वैद्याला आपला पाठ गुप्त ठेवावासा वाटे. सरफोजींनी या गुप्ततेला तडा दिला. गुणकारी ठरलेले पाठ त्यांनी लिहून काढविले. 'सरभेंद्र वैद्य मुरैगळ्' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संग्रहाची भाषा मराठी नव्हे, संस्कृतही नव्हे, तर तामिळ आहे आणि त्यातला पुष्कळसा भाग पद्यात आहे. ज्या लोकांना ही औषधे घ्यायची, त्यांच्याच भाषेत आणि पाठ होईल अशा रूपात ती असावीत, हे मराठी राजाला उमगले होते. नेत्ररोग, मधुमेह, खोकला, गर्भिणी व बालकांचे विकार यांबरोबरच व्रण आणि 'करप्पान' म्हणजे इसबासारखे त्वचेचे विकार यांनाही त्यात स्वतंत्र जागा आहे. ज्या तक्रारीसाठी घरातली म्हातारी कडुनिंबाचा पाला वाटते, तिचीही राजाने दखल घेतली.

परंतु या कार्याचे मर्म पाठांच्या संख्येत नाही. ते नोंदीच्या शिस्तीत आहे. वनस्पतींची रंगीत चित्रे काढविण्यात आली. या चित्रांचे मोल आज घरच्या घरी लेप व उटणी करू पाहणाऱ्या नवशिक्याला चटकन कळावे. तामिळ स्त्रिया तोंडाला लावतात ती सुगंधी 'कस्तुरी मंजळ' म्हणजे एका जातीची रानहळद. बाजारात मात्र त्याच नावाने पुष्कळदा दुसऱ्याच जातीचे कंद विकले जातात. नाव तोंडी फिरता फिरता घसरते, चित्र घसरत नाही. पान कसे, फूल कोणत्या रंगाचे, कंद आतून कसा, हे डोळ्यांनी पाहिल्यावाचून झाडपाल्याच्या वाटेला जाणे म्हणजे अंधारात हात घालणे होय.

दुसरी शिस्त रोग्याच्या नोंदीची. डोळ्यांच्या रोग्यांची टिपणे आणि त्यांच्या विकारग्रस्त डोळ्यांची रंगीत चित्रे सरस्वती महालात आजही जपलेली आहेत. राजा स्वतः शस्त्रक्रिया करीत असे, अशी कथा तंजावरात सांगतात. तिच्यापेक्षा ही टिपणे अधिक बोलकी आहेत. औषध कोणी दिले याला महत्त्व नसून, ते दिल्यावर काय झाले, हे लिहून ठेवण्याला महत्त्व आहे, असे ती सांगतात. १८२६ मध्ये बिशप हेबर तंजावरास आला, तेव्हा लाव्हाझिए, लिनिअस, ब्यूफाँ यांची नावे व मते या हिंदू राजाच्या जिभेवर खेळताना पाहून तो थक्क झाला. लिनिअसने वनस्पतींना दिलेली शिस्तबद्ध नावे आणि कावेरीकाठच्या वैद्याचा पाठ यांचा मेळ घालावा, अशी दृष्टी असलेला राजा तेव्हा दुर्मिळच होता.

ही विद्या राजवाड्यात कोंडूनही राहिली नाही. तंजावरच्या राजांनी रामेश्वराच्या वाटेवर छत्रे बांधली होती. ती आपल्याच हाती राहावीत म्हणून सरफोजींनी १८०१ मध्ये इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहिले. प्रवासात आजारी पडलेल्याला छत्रात औषध व पथ्याचे अन्न मिळते, सूज व सर्पविष यांवर उपचार जाणणारे वैद्य तेथे असतात, बाळंतिणीची व तान्ह्या मुलांची काळजी घेतली जाते, असे त्यांनी त्यात कळविले. राज्य गेले त्याची तक्रार त्या पत्रात मुख्य नाही. रोग्याची सेवा हातची जाऊ नये ही विनवणी मुख्य आहे.

सरफोजी १८३२ मध्ये वारले. त्यांचे पुत्र शिवाजी १८५५ मध्ये निपुत्रिक निवर्तले आणि कंपनीने राज्य खालसा केले. वैद्य पांगले, कागद मात्र उरले. १९१८ मध्ये सरस्वती महाल सर्वांना खुला झाला आणि पुढे वैद्य मुरैगळ्‌चे भाग छापून निघाले. मोडीतली कित्येक बाडे मात्र वाचकाची वाट पाहत आहेत. मोडी वाचणारे डोळे वर्षागणिक कमी होत आहेत.

या वारशाकडे भाबडेपणाने पाहणेही योग्य नव्हे. जुने ते सारे निर्धोक असते असे नाही. सिद्धवैद्यकाच्या पाठांत पारा व गंधक यांसारखी द्रव्ये येतात. ती स्वयंपाकघरात हाताळण्याची नव्हेत. त्वचेला मानवणारा झाडाचा रस डोळ्यात घालणे धोक्याचे ठरते, आणि चिघळलेल्या जखमेला वैद्यच हवा. ज्याला घरी काही करून पाहायचे असेल, त्याने हरभऱ्याचे वा मुगाचे पीठ, हळद, वाळा, तिळाचे तेल अशा ओळखीच्या वस्तूंपासून आरंभ करावा. एका वेळी एकच वस्तू घ्यावी, आधी मनगटाच्या आतल्या बाजूस थोडी लावून दिवसभर पाहावे, आणि काय घेतले, किती घेतले, काय झाले, हे वहीत टिपावे.

आजीबाईच्या बटव्यात अनुभव होता, पण ती गेली की तोही तिच्याबरोबर जाई. वही, चित्र आणि रोग्याची नोंद यांची जोड देऊन सरफोजींनी तो पुढच्या पिढ्यांसाठी राखला. राज्य गमावलेल्या राजाची ही कमाई कोणत्याही तहाने काढून घेता आली नाही.