वाळू गेली की किनारा आला?

आपण सह्याद्रीच्या काळ्या दगडात वाढलेली माणसं. घराच्या पायरीपासून किल्ल्याच्या बुरुजापर्यंत सगळा बेसॉल्ट. त्यामुळे वायोमिंगमध्ये कॅस्परच्या उत्तरेला, सॉल्ट क्रीकच्या परिसरात हिरवट झाक असलेला वालुकाश्म पाहिला की नवल वाटतं. आज जवळचा समुद्र शेकडो मैल दूर. मग इथे समुद्राची वाळू कशी?

याचं पहिलं उत्तर सोपं आहे. समुद्र तेव्हा इथेच होता. क्रेटेशियस काळात मेक्सिकोच्या आखातापासून आर्क्टिकपर्यंत पसरलेल्या एका उथळ समुद्राने उत्तर अमेरिकेचे दोन तुकडे केले होते. पश्चिमेच्या डोंगरांतून नद्या त्यात वाळू आणि चिखल आणून टाकत. सुमारे ८ कोटी वर्षांपूर्वी साचलेल्या या थराला भूवैज्ञानिक ‘शॅनन वालुकाश्म’ म्हणतात.

खरा पेच पुढेच आहे. नदीची वाळू जड. ती किनाऱ्याजवळच बसते. दूरवर जातो तो चिखल. शॅननची वाळू मात्र त्या काळच्या ज्ञात किनाऱ्यापासून शंभरावर किलोमीटर आत, चिखलाच्या खडकाने वेढलेली सापडते. आकारही लांबट आणि अरुंद. याच वाळूतलं हार्टझॉग ड्रॉ तेलक्षेत्र सुमारे ३५ किलोमीटर लांब आहे, रुंदी मात्र थोडेच किलोमीटर.

१९८४ मध्ये टिलमन आणि मार्टिन्सन यांनी या वाळूचा अर्थ लावला तो असा: समुद्राच्या प्रवाहांनी आणि वादळांनी किनाऱ्यापासून दूर, उथळ भूखंडमंचावर वाळूचे लांबट उंचवटे रचले. वाळूतले तिरपे थर प्रवाहाची साक्ष देत होते. हिरवी झाक देणारं ग्लॉकोनाइट हे खनिजही समुद्रतळाशी सावकाश तयार होतं. शिवाय न्यू जर्सी आणि मेरीलँडच्या किनाऱ्यापुढे पाण्याखाली असे उंचवटे आजही आहेत.

पण त्या उंचवट्यांची जन्मकथा वेगळी आहे. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्र आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होता आणि किनारा खूप पुढे. बर्फ वितळलं, पाणी चढलं, किनारा मागे सरकला. जुन्या किनाऱ्याची वाळू मात्र मागेच राहिली आणि लाटा-प्रवाहांनी तिला नवा आकार दिला.

१९९३ मध्ये वॉकर आणि बर्गमन यांनी शॅननबद्दल असाच उलटा विचार मांडला. वाळू समुद्रात दूर गेलीच नव्हती. पाणी उतरल्यावर किनाराच तिथवर आला होता. पाणी पुन्हा चढलं आणि चिखलाने तिला झाकलं. पुढे काहींनी भरती-ओहोटीच्या प्रवाहांकडेही बोट दाखवलं. वाद पूर्ण मिटलेला नाही.

हा वाद केवळ पुस्तकी नाही. ही वाळू म्हणजे तेलाचा साठा. ती उंचवटा की जुना किनारा, यावर पुढची विहीर कुठे खणायची हे ठरतं, आणि कोरडी विहीर फार महाग पडते.

तो समुद्र ओसरत संपत आला, त्याच सुमारास, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, आपल्या दख्खनवर लाव्हाचे थर चढत होते. पुढच्या उन्हाळ्यात यलोस्टोनला जाताना कॅस्परहून बफेलोचा रस्ता धरलात, तर वाटेत थोडं थांबा. तिथे कधीकाळी किनारा होता की नाही, हे अजून ठरायचं आहे.