उपासनेचा पूर्वरंग : मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचे एक दुर्लक्षित प्रयोजन

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'चा निर्देश बहुधा दोन कारणांनी होतो. एक, त्यातील मराठी भाषेच्या स्तुतिपर ओव्या; आणि दोन, एका इंग्रज जेझुइटाने मराठीत एवढी प्रदीर्घ रचना केल्याचे नवल. ही दोन्ही कारणे ग्रंथाच्या बाहेरची आहेत. पहिले भाषाभिमानाचे, दुसरे कुतूहलाचे. ज्या श्रोत्यांसाठी हा ग्रंथ सिद्ध झाला त्यांच्या जीवनव्यवहारात त्याचे कार्य काय होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन करावयाचे आहे की मराठी ख्रिस्ती वाङ्मय आरंभी उपासनेचे नव्हे, तर उपासनेच्या पूर्वतयारीचे वाङ्मय होते आणि या प्रयोजनाचा त्याच्या रूपबंधाशी घनिष्ठ संबंध आहे. कीर्तनपरंपरेतील 'पूर्वरंग' ही संज्ञा त्यासाठी येथे जाणीवपूर्वक योजली आहे. पूर्वरंगात श्रोता आख्यानास पात्र होतो. त्याप्रमाणे या वाङ्मयात भाविक वेदीपाशी जाण्यास पात्र होतो.

ख्रिस्ती परंपरेत या पात्रतेची कल्पना प्राचीन आहे. वेदीवर अर्पण आणणाऱ्याने आधी रुष्ट बंधूशी समेट करावा, हा उपदेश मत्तयाच्या शुभवर्तमानात येतो. प्रभुभोजनापूर्वी प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी, असे पौल करिंथकरांस बजावतो. पुढे या आत्मपरीक्षेस संस्थात्मक रूप आले. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून किमान एकदा पापनिवेदन अनिवार्य केले. कम्युनियन घेणाऱ्याने मध्यरात्रीपासून अन्नपाणी वर्ज्य करावे, हा नियमही शतकानुशतके पाळला गेला. १९५३ साली पाण्याची सवलत मिळाली, १९५७ मध्ये उपवासाची मर्यादा तीन तासांवर आली आणि १९६४ मध्ये ती एका तासावर आणण्यात आली. म्हणजे तयारीची दोन अंगे दिसतात : एक देहाचे, दुसरे आचरणाचे. आपल्याकडील सोवळे आणि चित्तशुद्धी या जोडीशी त्यांचे साम्य उघड आहे. 'हिंदू परंपरा बाह्य शुचितेची, ख्रिस्ती परंपरा आंतरिक शुचितेची' अशी जी सोपी विभागणी केली जाते, ती म्हणूनच टिकत नाही. दोन्हीकडे दोन्ही अंगे आहेत आणि त्यांतील ताणही दोन्हीकडे आहे.

स्टीफन्स २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यास पोचले. त्यानंतरची त्यांची कर्मभूमी मुख्यतः साष्टी हीच होती. हा प्रदेश त्या वेळी शांत नव्हता. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशनची स्थापना झाली होती, १५६७ मध्ये साष्टीतील देवळे उद्ध्वस्त करण्यात आली होती आणि १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट मारले गेल्यानंतर गावच्या प्रमुखांना ठार करण्यात आले होते. देवळांबरोबर त्यांतील श्रवण, पुराणवाचन आणि उत्सव यांचा सारा व्यवहारही लोपला. 'क्रिस्तपुराणा'च्या पहिल्या अवस्वरूत धर्मांतरित ब्राह्मण पाद्रीस जे सांगतो, ते या पार्श्वभूमीवर वाचावयास हवे. जुनी पुराणे गेली, तेव्हा त्यांच्या जागी मन रमेल असे काही हवे, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. ग्रंथनिर्मितीचे कारण म्हणून ही मागणी खुद्द ग्रंथात नोंदली गेली आहे. परंतु ती मागणी बंदीतून जन्मली होती, हे विसरून चालणार नाही. रिकामी केलेली जागा भरण्याचे काम या ओव्यांकडे आले.

१६१६ साली रायतूर येथे छापलेल्या, सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाला मिस्साविधीत मात्र स्थान नव्हते आणि तसे ते असणे शक्यही नव्हते. मिस्सा लॅटिनमध्ये होई. वेदीपाशी जे घडे ते नवख्रिस्ती श्रोता पाहू शके, पण ऐकून समजू शकत नसे. त्यामुळे अर्थाचा सारा भार विधीच्या अलीकडे, उंबरठ्यावर येऊन पडला. जे आत कळणार नव्हते, ते बाहेर आपल्या भाषेत आधीच कळून घ्यावयाचे होते. स्टीफन्स यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये छापलेली 'दौत्रिना क्रिस्तां' ही कोकणी प्रश्नोत्तरीही याच उंबरठ्यावरची. तिचे काम सिद्धांत पाठ करून घेण्याचे होते, तर पुराणाचे काम श्रोत्याच्या मनात अपेक्षा निर्माण करण्याचे.

रचनेकडे या दृष्टीने पाहिले असता काही गोष्टी नव्याने उलगडतात. 'पैले पुराण' सृष्ट्युत्पत्तीपासून संदेष्ट्यांपर्यंत चालते. तारक अद्याप आलेला नाही. हजारो ओव्या श्रोत्याला केवळ वाट पाहावयास लावले जाते. आधुनिक वाचकास हा विस्तार कथनदोष वाटू शकतो, परंतु प्रतीक्षा हीच येथील साधना आहे. मध्येमध्ये श्रोते शंका विचारतात आणि पाद्री-गुरू उत्तर देतो, ही योजनाही निव्वळ पुराणसंकेताचे अनुकरण नव्हे. शंका फेडून घेणे हा पात्रतेचाच भाग आहे. परमेश्वराला नमन, ओवीची संथ गती आणि स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द यांतून ओळखीच्या श्रवणसंस्कारावर नवा आशय बसविला जातो. ग्रहणसिद्धांताच्या भाषेत बोलायचे तर, श्रोत्याचे अपेक्षाक्षितिज मोडण्याऐवजी स्टीफन्स त्याचा उपयोग करून घेतात.

१६८४ च्या फर्मानाने पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापरावर बंदी घातली. तरीही हे पुराण गोव्यातून कानडा प्रांतात गेलेल्या ख्रिस्ती समाजात टिकले आणि मंगळूर परिसरात उपवासकाळात गायले जात राहिले. ही नोंद महत्त्वाची आहे. उपवासकाळ हा पुनरुत्थानाच्या सणापूर्वीचा तयारीचाच काळ. म्हणजे ग्रंथ जेथे जगला, तेथे तो आपल्या मूळ प्रयोजनासह जगला.

एकोणिसाव्या शतकातील प्रॉटेस्टंट मराठीत परिस्थिती पालटते. उपासनाच आता मराठीत होते. त्यामुळे उंबरठ्याचे कार्य वेगळे होते. बाबा पदमनजींच्या 'अरुणोदय' या आत्मचरित्रात आत्मपरीक्षा गद्य निवेदनाचे रूप घेते आणि श्रोत्याची जागा स्वतःस तपासणारा 'मी' घेतो. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक याहून पुढचे पाऊल टाकतात. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती. अभंगाचा रूपबंध स्वीकारताना त्यांनी त्याचा आत्मनिवेदनाचा स्वरही स्वीकारला. तो स्वर स्वतःच्या उणेपणाची कबुली देतो आणि त्या कबुलीतच देवाच्या सन्निध जातो. स्टीफन्स यांच्या श्रोत्याने आधी समजून घ्यावयाचे आणि मग वेदीपाशी जावयाचे. टिळकांच्या भजनात तयारी व उपासना यांतील सीमारेषाच पुसट होते. 'उपासना-संगीत' या संग्रहातून ही भजने मंडळीच्या मुखी गेली, तेव्हा पूर्वरंग आख्यानात मिसळून गेला.

कॅथलिक परंपरेत असेच स्थित्यंतर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर झाले. १९६३ च्या उपासनाविषयक संविधानाने लोकभाषांना वाट करून दिली आणि पुढील सुधारित विधीत समूहाचे पापनिवेदन मिस्साच्या प्रारंभीच समाविष्ट झाले. उंबरठा घराच्या आत आला. त्याच सुमारास 'क्रिस्तपुराण' अभ्यासकांच्या हाती देवनागरीत येऊ लागले. शांताराम बंडेलू यांची आवृत्ती १९५६ ची, कारिदाद द्राग यांची १९९६ ची. श्रवणग्रंथ आता अभ्यासग्रंथ झाला.

मात्र तयारीच्या या इतिहासात एक प्रश्न अनुत्तरित राहतो. वेदीपूर्वी बंधूशी समेट करावा, ही अट सर्वांत जुनी; परंतु गोव्यातील काही चर्चमधल्या कोंफ्रारिया विशिष्ट जातींपुरत्या राखीव राहिल्या. उपवास कडकपणे पाळला गेला, समेट मात्र जातीच्या कुंपणापाशी थांबला. देहाची तयारी सोपी होती, आचरणाची अवघड ठरली. हा दोष एका धर्माचा म्हणून सांगण्यात अर्थ नाही. चोखामेळ्याला उंबरठ्याबाहेर ठेवणारी परंपराही याच महाराष्ट्रातील आहे. पात्रतेची भाषा अंतर्मुख करू शकते, तशी ती वगळूही शकते. म्हणूनच या वाङ्मयाचा विचार करताना भाषास्तुतीच्या चार ओव्यांपाशी थांबून चालणार नाही. हे वाङ्मय कोणाला, कशासाठी सिद्ध करीत होते आणि त्या सिद्धतेतून कोण बाहेर राहत होते, हे तपासणे वाङ्मयेतिहासाचेच काम आहे.