नेत्रदाहावरील स्टेरॉइड-चिकित्सा आणि नेत्र-ऊतींतील बदल : एक ऐतिहासिक आढावा

नेत्राच्या अंतर्भागातील दाह हा दीर्घ काळ वैद्यकास हतबल करणारा विकार होता. मध्यपटलाच्या दाहावर, म्हणजे युव्हायटिसवर, ॲट्रोपीनचे थेंब, शेक आणि विषमज्वराची लस टोचून मुद्दाम आणलेला ताप, अशीच साधने १९४० च्या सुमारास हाताशी होती. दाह ओसरला तरी मागे राहिलेले व्रण पुष्कळदा दृष्टी हिरावून घेत.

२१ सप्टेंबर १९४८ रोजी अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या एका रुग्णास कॉर्टिझोन देण्यास प्रारंभ केला. अधिवृक्क ग्रंथीतील या द्रव्याचा शोध एडवर्ड केंडल यांनी लावला होता. १९५० साली या दोघांस राइखश्टाइन यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी न्यूयॉर्क येथे गॉर्डन व मॅक्लीन यांनी, तर बाल्टिमोर येथे ॲलन वुड्स यांनी नेत्ररोगांवरील अनुभव प्रसिद्ध केले. लाली, वेदना आणि प्रकाश सहन न होणे ही लक्षणे थोड्याच दिवसांत मावळत. तथापि हे औषध रोगाचे मूळ नष्ट करीत नाही, केवळ ऊतींची प्रतिक्रिया रोखते. त्यामुळेच हर्पीस विषाणूने झालेला पारपटलाचा व्रण त्याने उलट बळावतो, हे लौकरच दिसून आले.

याहून गंभीर असे दोन बदल मात्र दीर्घ काळ संशयाच्या छायेत राहिले. पहिला बदल म्हणजे नेत्रांतर्गत दाबाची वाढ व तीतून उद्भवणारा काचबिंदू. दुसरा, नेत्रभिंगाच्या मागील आवरणालगत येणारा मोतीबिंदू. दाबवाढीची नोंद १९५० पासून तुरळक होत होती आणि १९५४ मध्ये बेल्जियममधील झ्यूल फ्रांस्वा यांनी कॉर्टिझोनजन्य काचबिंदूचे वर्णन केले. पण युव्हायटिसमध्ये दाबही वाढतो आणि मोतीबिंदूही होतो. अपाय रोगाचा की औषधाचा, याचा निवाडा दाहग्रस्त नेत्राकडे पाहून करता येण्याजोगा नव्हता.

तो निवाडा झाला निर्दाह नेत्रांच्या परीक्षणातून. १९६० साली बेथेस्डा येथील ब्लॅक, ओगल्सबी, फॉन झालमान व बूनिम यांनी दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या संधिवाताच्या ४४ रुग्णांचे नेत्र तपासले. त्यांपैकी १७ जणांत तो विशिष्ट मोतीबिंदू आढळला. पाठोपाठ १९६३ मध्ये आर्माली यांनी निरोगी व्यक्तींच्या एका डोळ्यात काही आठवडे डेक्सामेथासोनचे थेंब घालून दाब मोजला. सुमारे एक तृतीयांश व्यक्तींत तो मध्यम प्रमाणात, तर शेकडा पाचांच्या आसपास व्यक्तींत अतिशय वाढला. थेंब थांबविताच तो पूर्ववत झाला. औषधाचा दोष तर सिद्ध झालाच. शिवाय प्रत्येकाची प्रवणता भिन्न असते, हेही त्यातून उघड झाले.

या बदलांमागील ऊतींची घडामोड पुढे क्रमाने उलगडली. नेत्रजल ज्या जाळीदार ऊतीतून बाहेर झिरपते, तीत स्टेरॉइडमुळे पेशीबाह्य द्रव्ये साचतात, तिच्या पेशींचा सांगाडा बदलतो व निचऱ्यास अवरोध होतो. या पेशींतील स्टेरॉइड-प्रतिसादी मायोसिलिन जनुकाचा आनुवंशिक काचबिंदूशी असलेला संबंध १९९७ मध्ये प्रस्थापित झाला. मोतीबिंदूत भिंगाच्या पृष्ठपेशी मागील ध्रुवाकडे सरकलेल्या आढळतात. काचबिंदूने मज्जातंतूंची झालेली हानी भरून येत नाही, मोतीबिंदू मात्र शस्त्रक्रियेने दूर होतो. हा भेद चिकित्सेत निर्णायक ठरला.

२००५ साली अमेरिकेत मान्यता पावलेल्या, नेत्रांतर्भागी बसविण्याच्या फ्लुओसिनोलोनच्या रोपणाने दाह वर्षानुवर्षे आटोक्यात राहतो. परंतु नैसर्गिक भिंग असलेल्या जवळजवळ प्रत्येक नेत्रास तीन वर्षांच्या आत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लागते. येथे अपाय अज्ञात नाही; तो आधीच हिशेबात धरलेला आहे. मेथोट्रेक्सेट व २०१६ पासून मान्य झालेले ॲडालिमुमॅब यांचा हेतूही स्टेरॉइडची मात्रा कमी करणे हाच होय.

या इतिहासाचा निष्कर्ष असा की, गुण दिसतो तो रुग्णास, पण अपाय दिसतो तो दाब मोजणाऱ्यास. डोळा पांढरा झाला, वेदना थांबली, म्हणून तपासणी थांबविता येत नाही. किंबहुना तिची खरी गरज तेथूनच सुरू होते.