परदेशी विद्यापीठातील समायोजन : आनंदीबाई जोशी व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विद्यार्थीजीवनाचा तौलनिक अभ्यास

प्रस्तावना :

उच्च शिक्षणासाठी स्वदेश सोडून परक्या देशातील विद्यापीठात दाखल होणाऱ्या विद्यार्थ्याला केवळ नव्या अभ्यासक्रमाशीच नव्हे, तर नव्या हवामानाशी, आहाराशी, वेशभूषेशी, भाषेशी व सामाजिक संकेतांशीही जुळवून घ्यावे लागते. या प्रक्रियेस सामाजिक शास्त्रांत 'समायोजन' अशी संज्ञा आहे. २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात एकट्या अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते. त्यामुळे समायोजनाचा प्रश्न आज मूठभर कुटुंबांपुरता मर्यादित राहिलेला नाही. तालुक्याच्या महाविद्यालयातून पदवी घेतलेला विद्यार्थीही आता परदेशी जाण्याचा विचार करतो.

या विषयाच्या शास्त्रीय अभ्यासास दुसऱ्या महायुद्धानंतर गती मिळाली. स्वेर लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये, अमेरिकेत राहून परतलेल्या नॉर्वेतील फुलब्राइट शिष्यवृत्तीधारकांच्या अभ्यासावरून असे मांडले की, परदेशात गेलेली व्यक्ती आरंभी उत्साही असते, काही महिन्यांनी निराशेच्या गर्तेत जाते व पुढे हळूहळू सावरते. ही मांडणी 'यू-वक्र' या नावाने परिचित आहे. कालेर्वो ओबर्ग यांच्या १९६० च्या लेखाने 'सांस्कृतिक धक्का' ही संज्ञा रूढ केली. १९६३ मध्ये गुलाहॉर्न दांपत्याने यू-वक्राला मायदेशी परतल्यानंतरच्या समायोजनाची जोड दिली व तो 'डब्ल्यू-वक्र' म्हणून ओळखला जाऊ लागला.

या सिद्धांतांची एक मर्यादा स्पष्ट आहे. त्यांत विद्यार्थी हा जात, लिंग व आर्थिक स्थिती यांपासून अलिप्त असा एक सर्वसामान्य प्रवासी मानला गेला. प्रत्यक्षात कोण, कोठून, कोणाच्या पैशावर व कोणत्या अटींवर गेला, यावर समायोजनाचे स्वरूप अवलंबून असते. हे सिद्धांत मांडले जाण्यापूर्वी कित्येक दशके परदेशी गेलेल्या दोन मराठी विद्यार्थ्यांच्या चरित्रांतून ही बाब तपासता येते. त्या दृष्टीने आनंदीबाई जोशी (१८६५-१८८७) व डॉ. भीमराव रामजी आंबेडकर (१८९१-१९५६) यांच्या विद्यार्थीजीवनाचा येथे तौलनिक विचार केला आहे.

उद्दिष्टे :

१) आहार, निवास, वेश व अर्थसाहाय्य या घटकांचा दोघांच्या समायोजनावर झालेला परिणाम पाहणे.
२) स्वदेशातील सामाजिक स्थानाचा परदेशातील अनुभवाशी असलेला संबंध स्पष्ट करणे.
३) स्वदेशी परतल्यानंतरच्या समायोजनाचा विचार करणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत लेखात ऐतिहासिक व तौलनिक पद्धतीचा अवलंब केला आहे. आनंदीबाईंसंबंधी कॅरोलिन डॉल यांचे १८८८ चे इंग्रजी चरित्र व काशीबाई कानिटकर यांचे मराठी चरित्र, तर डॉ. आंबेडकरांसंबंधी धनंजय कीर यांचे चरित्र व 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे त्यांचे आत्मकथनात्मक टिपण ही महत्त्वाची साधने आहेत.

आनंदीबाई जोशी : न बदलण्याच्या अटीवर परदेशगमन

आनंदीबाईंचा विवाह नवव्या वर्षी टपाल खात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत दगावले आणि स्त्रियांना स्त्री-वैद्य उपलब्ध असण्याची निकड त्यांना स्वानुभवाने पटली. गोपाळरावांचा पत्रव्यवहार मिशनरी नियतकालिकात छापला गेला होता. १८८० मध्ये तो न्यू जर्सीतील रोझेल येथील थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आला. त्यातून या दोन स्त्रियांत पत्रमैत्री जुळली. कार्पेंटरबाईंना आनंदीबाई 'मावशी' म्हणू लागल्या. प्रत्यक्ष भेटीपूर्वीच जुळलेले हे नाते त्यांच्या पुढील समायोजनाचा पाया ठरले.

त्या काळी समुद्रगमन धर्मबाह्य मानले जाई. विवाहित ब्राह्मण स्त्रीने पतीविना परदेशी जाणे तर अकल्पित होते. फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूर (बंगाल) येथील जाहीर भाषणात आनंदीबाईंनी आपला हेतू विशद केला आणि आपण हिंदू म्हणूनच जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, अशी ग्वाही दिली. या ग्वाहीचे महत्त्व विशेष आहे. आजच्या विद्यार्थ्याकडून नव्या वातावरणात मिसळण्याची अपेक्षा केली जाते, तर आनंदीबाई न बदलण्याचे जाहीर अभिवचन देऊन निघाल्या होत्या. समाजाने त्यांना जाऊ देण्याची ती जणू किंमत होती.

एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून निघून त्या जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या. पहिले काही महिने त्यांनी कार्पेंटर कुटुंबात काढले. घरगुती वातावरणात भाषा, रीतिरिवाज व हवामान यांचा परिचय होऊन मग त्या फिलाडेल्फिया येथील विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियात दाखल झाल्या. आज ज्यास 'पूर्वतयारीचा कालखंड' म्हटले जाते, तो त्यांना असा लाभला.

महाविद्यालयातील जीवन मात्र कठीण होते. फिलाडेल्फियातील राहण्याच्या खोलीत शेकोटीचा धूर कोंडत असे, त्यामुळे धूर सोसावा की थंडी, असा प्रश्न असे. त्यांनी शाकाहार सोडला नाही. अमेरिकेतील तत्कालीन आहारपद्धतीत त्यामुळे पुरेसे पोषण मिळणे अवघड होते. वेशाच्या बाबतीत त्यांनी मधला मार्ग काढला. नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या राहत, म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. पाश्चात्त्य पोशाख न स्वीकारता थंडी व तेथील संकेत या दोहोंना उत्तर देणारी ही तडजोड होती. तथापि अशा बदलांविषयीही त्यांना पत्रांतून गोपाळरावांना स्पष्टीकरण द्यावे लागे. त्यांचा वर्ग फिलाडेल्फियात होता, पण परीक्षक दोन ठिकाणी होते, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

महाविद्यालयाच्या अधिष्ठाता रेचेल बॉडली यांचे त्यांच्याकडे लक्ष होते. जपानच्या केई ओकामी व सीरियाच्या सबात इस्लामबुली या विद्यार्थिनींसमवेत, आपापल्या देशी वेशात काढलेले आनंदीबाईंचे १८८५ मधील छायाचित्र प्रसिद्ध आहे. परदेशी विद्यार्थिनींचे स्वागत करणारी संस्था म्हणून महाविद्यालयाची भूमिका त्यातून दिसते. मात्र त्याच अमेरिकेने १८८२ मध्ये चिनी मजुरांना प्रवेशबंदी करणारा कायदा संमत केला होता, हेही विसरता येत नाही. सुशिक्षित पाहुणीस मिळालेला आदर आशियाई मजुराच्या वाट्यास येत नव्हता.

मार्च १८८६ मध्ये आनंदीबाईंना एम. डी. ही पदवी मिळाली. त्यांचा प्रबंध आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर होता. पदवीदान समारंभास पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाची जबाबदारी आनंदीबाईंना देऊ केली. परंतु तोपर्यंत क्षयाने त्यांचे शरीर पोखरले होते. १८८६ च्या अखेरीस त्या परतल्या व २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांच्या वयास बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यांचा रक्षाकलश कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आला व न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवण्यात आला.

त्यांची प्रकृती प्रस्थानापूर्वीही नाजूक होती. त्यामुळे केवळ आहार वा निवास यांना मृत्यूचे कारण ठरविणे योग्य होणार नाही. मात्र शैक्षणिक दृष्ट्या पूर्णतः यशस्वी ठरलेल्या समायोजनाचा शारीरिक भार किती मोठा असू शकतो, हे या उदाहरणावरून दिसते.

डॉ. आंबेडकर : परदेशात लाभलेली मोकळीक

जुलै १९१३ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली होती. त्या बदल्यात संस्थानाची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांच्या वडिलांचे निधन झाले होते. घरची जबाबदारी डोक्यावर असल्याने शिष्यवृत्तीतील काही रक्कम ते घरी पाठवीत.

प्रारंभी ते विद्यापीठाच्या हार्टली हॉल या वसतिगृहात राहिले. तेथील जेवण न रुचल्याने ते भारतीय विद्यार्थी राहत असलेल्या कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये गेले व पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्रासोबत राहू लागले. ही मैत्री आयुष्यभर टिकली. येथवरचा क्रम कोणत्याही परदेशी विद्यार्थ्याच्या अनुभवाशी जुळणारा आहे.

खरा फरक पुढे आहे. आनंदीबाईंना परदेशात सोवळ्या-ओवळ्याची बंधने सांभाळावी लागली, तर आंबेडकर त्याच बंधनांच्या जाचातून प्रथमच बाहेर पडले. सर्वांसमवेत एका टेबलावर जेवणे, ग्रंथालयात हवे ते पुस्तक हाताळणे, प्राध्यापकांशी बरोबरीने चर्चा करणे, या गोष्टी इतरांच्या दृष्टीने सामान्य होत्या. ज्यास शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसावे लागले होते व पाणीही स्वहस्ते घेता येत नव्हते, त्याच्या दृष्टीने त्या असामान्य होत्या. परदेशातील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी पुढे आत्मकथनात्मक टिपणात नमूद केले आहे. येथे 'सांस्कृतिक धक्का' ही संज्ञा अपुरी पडते, कारण धक्का देणारी संस्कृती मागे राहिली होती.

या मोकळिकीचा त्यांनी अभ्यासासाठी पुरेपूर उपयोग केला. जॉन ड्यूई, एडविन सेलिग्मन, जेम्स शॉटवेल व जेम्स हार्वे रॉबिन्सन यांसारखे प्राध्यापक त्यांना लाभले. १९१५ मध्ये त्यांनी एम. ए. पदवी मिळविली. मे १९१६ मध्ये अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिव्यवस्थेवर निबंध वाचला. स्वतःच्या दुःखाकडे अभ्यासविषय म्हणून पाहण्याची दृष्टी त्यांना तेथे गवसली. समायोजनाची ही सर्वांत फलदायी अवस्था म्हणावी लागेल.

अर्थसाहाय्याचा प्रश्न मात्र कायम राहिला. १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स व ग्रेज इन येथे दाखल झाले, परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. वेगळ्या बोटीने पाठविलेले त्यांचे ग्रंथ व सामान पाणतीराच्या हल्ल्यात बुडाले. पुढे सिडनहॅम महाविद्यालयातील वेतनातून शिल्लक टाकून, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य व भथेना यांचे कर्ज घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. निवासस्थानी मिळणाऱ्या तुटपुंज्या न्याहारीवर दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात वाचन आणि रात्री भूक लागल्यास मित्राने दिलेले पापड, असे त्यांच्या दिनक्रमाचे वर्णन कीर यांनी केले आहे. १९२३ मध्ये 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या प्रबंधासाठी त्यांना डी. एस्सी. पदवी मिळाली.

परतीचे समायोजन :

सप्टेंबर १९१७ मध्ये करारानुसार नोकरीसाठी आंबेडकर बडोद्यास गेले. कोठे उतरावे, हाच पहिला प्रश्न होता. कोणतेही हिंदू वसतिगृह त्यांना थारा देणार नव्हते. पारशी नाव धारण करून ते एका पारशी सराईत राहिले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेल्या पारशांच्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. एका हिंदू व एका ख्रिस्ती मित्राकडेही आश्रय मिळाला नाही. एका सार्वजनिक बागेत वेळ काढून ते मुंबईस परतले. कोलंबिया विद्यापीठाच्या पदवीधरास स्वदेशातील संस्थानच्या राजधानीत रात्रीपुरता निवारा मिळू नये, ही घटना परतीच्या धक्क्याचे कोणत्याही वक्ररेषेत न मावणारे उदाहरण आहे.

आनंदीबाईंच्या परतीचे चित्र वरकरणी उलट आहे. त्यांचे कौतुक झाले, सत्कार झाले. परंतु मिळविलेल्या विद्येचा उपयोग करण्याइतके आयुष्य उरले नव्हते. एकीस समाजाने स्वीकारले तेव्हा शरीर साथ देत नव्हते, दुसऱ्यास शरीर व बुद्धी दोन्हींची साथ असताना समाज स्वीकारत नव्हता.

निष्कर्ष :

१) समायोजन ही केवळ वैयक्तिक मनोवृत्तीची बाब नाही. कार्पेंटरबाईंचे घर, बॉडली यांची देखरेख, भथेना यांची मैत्री असे एखाद-दुसरे विश्वासाचे नाते त्यात निर्णायक ठरते.

२) अर्थसाहाय्याची मुदत व अटी यांचा शिक्षणक्रमावर थेट परिणाम होतो. आंबेडकरांचे लंडनमधील शिक्षण खंडित झाले ते गुणवत्तेअभावी नव्हे, तर मुदतीअभावी. आज राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने चालणाऱ्या परदेश शिष्यवृत्तीसारख्या योजनांचा विचार करताना हा इतिहास ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

३) स्वदेशातील सामाजिक स्थान परदेशातील अनुभवाची दिशा ठरविते. मात्र आंबेडकरांना लाभलेली मोकळीक आज गृहीत धरता येत नाही. त्या काळी तेथे भारतीय थोडे होते. आज भारतीयांची वस्ती वाढली, तशी जातही त्यांच्यासोबत गेली. २०२२ मध्ये कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने भेदभावविरोधी धोरणात व २०२३ मध्ये सिअ‍ॅटल शहराने आपल्या कायद्यात जातीचा समावेश केला, तो याच कारणास्तव.

४) परतीचे समायोजन हा दुर्लक्षित विषय आहे. महाविद्यालयांतील मार्गदर्शन कक्षांत प्रवेशपरीक्षा व व्हिसा यांची माहिती दिली जाते. परंतु आहार, आरोग्य, एकटेपणा व परतल्यानंतरचे जीवन यांविषयी क्वचितच बोलले जाते. परदेशी शिकून आलेल्या माजी विद्यार्थ्यांना या कामी सहभागी करून घेणे कोणत्याही महाविद्यालयास अल्प खर्चात शक्य आहे.

आनंदीबाई व आंबेडकर यांची चरित्रे महाविद्यालयांत जयंती-स्मृतिदिनी आदराने सांगितली जातात. त्यांतील जिद्दीवर भर दिला जातो व ते योग्यच आहे. परंतु केवळ जिद्दीची कथा सांगितल्याने, जी जबाबदारी संस्थांची व समाजाची होती, ती नकळत विद्यार्थ्याच्या खांद्यावर टाकली जाते. धुराने कोंडलेली ती खोली आणि बडोद्यातील ती सराई या दोन्ही जागा परदेशी शिक्षणाच्या इतिहासाचाच भाग आहेत. पुढील पिढीस परदेशी पाठविताना प्राध्यापकवर्गाने त्यांचेही स्मरण ठेवणे अगत्याचे आहे.