कैसरची मुलाखत

लंडनच्या 'डेली टेलिग्राफ' पत्राच्या २८ ऑक्टोबर १९०८ च्या अंकात जर्मनीचा सम्राट दुसरा विल्हेल्म याच्या संभाषणाचा एक वृत्तान्त प्रसिद्ध झाला. लिहिणाराचे नाव त्यावर नव्हते. इंग्लंड व जर्मनी यांच्यामधील गैरसमज दूर व्हावेत, एवढाच त्याचा हेतू होता. परंतु त्या एका दिवसाच्या मजकुराने जर्मन सम्राटाची स्वतःच्या प्रजेतील प्रतिष्ठा जेवढी ढासळली, तेवढी शत्रूंच्या वर्षानुवर्षांच्या टीकेनेही ढासळली नव्हती.

हा मजकूर एका बैठकीत तयार झालेला नव्हता. १९०७ च्या नोव्हेंबरात विंडसर येथील राजकीय भेट आटोपल्यावर कैसर विश्रांतीसाठी दक्षिण इंग्लंडातील हायक्लिफ येथे काही आठवडे राहिला. त्याचा यजमान कर्नल स्टुअर्ट-वॉर्टली हा होता. विल्हेल्मची आई व्हिक्टोरिया राणीची कन्या. त्यामुळे इंग्लंडविषयी त्याच्या मनात आपलेपणा होता आणि मत्सरही होता. शेकोटीजवळ बसून तो यजमानापाशी मोकळेपणाने बोलत असे. ही बोलणी लोकांपुढे आली, तर या राजाचे अंतःकरण इंग्रजांना कळेल, असे त्या भल्या लष्करी गृहस्थास वाटले. त्याने टिपणांवरून लेख सिद्ध करविला आणि संमतीसाठी तो रीतसर कैसरकडे पाठविला. येथवर कोणाचेच काही चुकले नव्हते.

काय होते त्या लेखात? तुम्ही इंग्रज वेडे आहात, ठार वेडे आहात, की माझ्यासारख्या मित्रावर संशय घेता, असा आरंभ. पुढे त्याने सांगितले की, आपल्या प्रजेतील मोठा वर्ग इंग्लंडचा मित्र नाही, आपण मात्र आहोत. बोअर युद्धाच्या वेळी फ्रान्स व रशिया यांनी इंग्लंडला नमविण्यासाठी जर्मनीला साद घातली होती, ती आपण धुडकावली. इतकेच नव्हे, तर त्या युद्धात इंग्रजांवर कठीण प्रसंग आला असता आपण स्वतः मोहिमेचा एक आराखडा आखून आजीकडे, म्हणजे व्हिक्टोरिया राणीकडे धाडला, आणि लॉर्ड रॉबर्ट्स यांनी पुढे योजिलेली मोहीम बव्हंशी तशीच होती! जर्मन आरमार वाढते आहे ते इंग्लंडसाठी नव्हे; जपानचा उदय पाहता अतिपूर्वेच्या समुद्रात त्याची गरज पडेल.

प्रत्येक वाक्य कोणाला तरी खुश करण्यासाठी बोललेले होते आणि प्रत्येकाने दुसरा कोणी तरी दुखावला गेला. जर्मन जनतेची सहानुभूती बोअरांकडे होती; १८९६ मध्ये याच कैसरने क्रूगर यांना अभिनंदनाची तार पाठविली होती. त्या जनतेस आता कळले की, आपला राजा बोअरांच्या पाडावाची योजना शत्रुपक्षाला पुरवीत होता. फ्रान्स व रशिया यांचे जुने बोलणे उघड्यावर आले. जपान अस्वस्थ झाला. ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला, त्या इंग्रजांना तर आपल्या सेनापतीची विद्या या पाहुण्याची आहे, हे ऐकून राग यावा की हसू, तेच कळेना.

मग संमती कोणी दिली? कैसर त्या वेळी रोमिंटेनच्या अरण्यात शिकारीस गेला होता. त्याने लेख चॅन्सेलर ब्यूलोकडे धाडला. राज्यघटनेच्या दृष्टीने हे अगदी योग्य. पूर्वी अनेकदा आपल्याच जिभेने घोटाळे करणाऱ्या या राजाने या खेपेस नियम पाळला होता. ब्यूलो नॉर्डर्नाय बेटावर सुटीत होता. ती पाने त्याने, त्याच्याच म्हणण्यानुसार, वाचलीच नाहीत. ती बर्लिनला परराष्ट्र खात्याकडे गेली. तेथे क्लेहमेट नावाच्या अधिकाऱ्याने तपशिलातील थोड्या चुका दुरुस्त केल्या. लेख छापावा की नाही, हे ठरविणे आपले काम आहे असे त्याला वाटले नाही. वरच्यांनी ते ठरविलेच असेल, अशी त्याची समजूत! कागद ज्या वाटेने आला त्याच वाटेने परत गेला आणि प्रत्येकाची मोहर त्यावर उमटली. कारकुनी शिस्त पूर्ण झाली. विचार मात्र कोणीच केला नाही.

गंमत अशी की, याच वर्षीच्या जुलैत कैसरने दुसरी एक मुलाखत दिली होती. नॉर्वेत बर्गेन येथे 'होहेनझोलर्न' या आपल्या नौकेवर हेल नावाच्या अमेरिकन बातमीदारापाशी तो दोन तास बोलला, आणि तेथे त्याने इंग्लंडवर कडाडून टीका केली. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने अध्यक्ष रूझवेल्ट यांचा सल्ला घेऊन ती छापली नाही. पुढे एका मासिकाने तिचा सौम्य केलेला भाग छापावयास घेतला होता. ऑक्टोबरचा गदारोळ उठताच तीही पाने नष्ट करण्यात आली. काही महिन्यांच्या अंतराने एकाच मुखातून निघालेली ही दोन संभाषणे शेजारी शेजारी छापली गेली असती, तर युरोपात काय झाले असते, याची कल्पनाच करावी.

१० व ११ नोव्हेंबरला राइशस्टागमध्ये चर्चा झाली. सर्व पक्षांनी, राजनिष्ठांनीही, कैसरवर कोरडे ओढले. ब्यूलोने धन्याची बाजू मांडली, पण इतक्या थंडपणे की ती दोषारोपासारखी भासली. यापुढे सम्राट खाजगी बोलण्यातही संयम ठेवतील, नाही तर आपण किंवा आपला कोणीही उत्तराधिकारी जबाबदारी घेऊ शकणार नाही, असे त्याने सभागृहात सांगितले. स्वतः न वाचता पुढे ढकललेल्या कागदाचे ओझे राजाच्या शिरी ठेवण्यात त्याचे चातुर्य होते, न्याय नव्हता. कैसर त्या वेळी डोनाउएशिंगेन येथे मित्राकडे शिकार व करमणूक यांत होता. तेथेच १४ नोव्हेंबरच्या रात्री त्याच्या लष्करी दप्तराचा प्रमुख काउंट ह्यूल्सेन-हेसेलर पाहुण्यांपुढे नर्तकीच्या वेषात नाचताना हृदयविकाराने कोसळून मरण पावला.

१७ नोव्हेंबरला पॉट्सडॅम येथे कैसरने चॅन्सेलरच्या धोरणास संमती देणाऱ्या निवेदनावर सही केली. त्यानंतर काही आठवडे तो खचून गेला होता. सिंहासन सोडण्याचेही बोलला. परंतु ब्यूलोने सभागृहात आपणास एकटे पाडले, हे तो विसरला नाही. १९०९ मध्ये करांच्या प्रश्नावर ब्यूलोचा पराभव झाल्यावर त्याने त्याचा राजीनामा जुलैत स्वीकारला. स्टुअर्ट-वॉर्टलीला दोन्ही देशांतील मैत्रीची आस होती. त्याच्या हाती केवळ मनस्ताप आला. क्लेहमेटला मात्र प्रकरण ताजे असतानाच बर्लिनमधील आपली जागा सोडावी लागली.