संगणकाचे ठिगळ

शाळेच्या संगणक कक्षात तास सुरू व्हायच्या वेळी पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट उगवते. नवी सुधारणा आली आहे, संगणक बंद करून पुन्हा सुरू करायचा का, असे ती विचारते. आपण घाईघाईने 'नंतर' या पर्यायावर टिचकी मारतो. चाळीस मुले आणि दहा संगणक अशी परिस्थिती असताना दुसरे काय करणार? आम्हीही प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे हेच करीत आलो. या 'नंतर'ला एक इतिहास आहे आणि त्यात तारखांना फार महत्त्व आहे. इतिहासाच्या शिक्षकांना त्याचे काही वाटणार नाही; विज्ञानाच्या शिक्षकांनी सांभाळून घ्यावे.

अशा सुधारणेला इंग्रजीत 'पॅच' म्हणतात, म्हणजे आपले ठिगळ. हा शब्द नुसता अलंकारिक नाही. १९४४ साली हार्वर्ड विद्यापीठात 'मार्क-१' हे प्रचंड गणनयंत्र सुरू झाले. त्याला द्यायच्या आज्ञा कागदी पट्टीवर भोके पाडून लिहिलेल्या असत. भोक चुकीच्या जागी पडले तर सगळी पट्टी नव्याने करण्याऐवजी त्यावर कागदाचा तुकडा चिकटवीत. अशी ठिगळे लावलेली पट्टी आजही पाहावयास मिळते. पुढे कागद गेला, भोके गेली, शब्द मात्र राहिला.

आता भोके कसली, तर आज्ञावलीतील चुकांची. संगणकाची स्मृती, पडदा, कळफलक, छपाईयंत्र या सर्वांचा कारभार पाहणारी जी मूळ आज्ञावली असते, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. आपण तिला 'संचालन प्रणाली' म्हणू. तिच्यात कोट्यवधी ओळी असतात आणि त्या माणसांनीच लिहिलेल्या असल्याने त्यांत चुका राहतात. त्यांतील एक जात विशेष घातक आहे. सरकारी अर्जात नाव लिहिण्यासाठी वीस चौकोन दिलेले असतात. एखाद्याने चाळीस अक्षरांचे नाव लिहायला घेतले आणि कुणी अडवले नाही, तर ते नाव चौकोन ओलांडून शेजारच्या 'केवळ कार्यालयीन उपयोगासाठी' या रकान्यात शिरेल. त्या रकान्यात 'मंजूर' असे शब्द पडले, तर पुढचा कारकून त्यांना वरिष्ठांचा शेरा समजून अर्ज मंजूर करील! संगणकाच्या स्मृतीतही नेमके असेच घडते. माहितीसाठी ठेवलेल्या जागेपेक्षा जास्त मजकूर आला आणि लांबी तपासलेली नसली, की जादा मजकूर आज्ञांच्या वाटेवर जाऊन पडतो आणि संगणक त्याला आज्ञा समजून पाळतो.

फ्लॉपीच्या काळात अशा गोष्टींचा वेग माणसाच्या वेगाइतका होता. १९९० साली भारतात 'जोशी' नावाचा एक विषाणू आढळला. दर ५ जानेवारीला तो संगणक अडवून बसे आणि 'हॅपी बर्थडे जोशी' असे टंकित केल्याशिवाय सोडत नसे. हे जोशी कोण, ते आजतागायत कळलेले नाही. पण त्या विषाणूला एका संगणकावरून दुसऱ्यावर जायला कुणीतरी खिशात फ्लॉपी घालून न्यावी लागे. सगळे संगणक जाळ्याने जोडले गेल्यावर हा दिलासा संपला. विषाणूच्या जोडीला 'वर्म' आला. वर्म म्हणजे किडा. हा आपल्या पायांनी चालतो.

२५ जानेवारी २००३ रोजी सुटलेला 'स्लॅमर' हा किडा अवघा ३७६ बाइटचा होता, म्हणजे रोमन लिपीतील चार-पाच ओळींचा मजकूर. सुरुवातीला साडेआठ सेकंदांत त्याची संख्या दुप्पट होत होती आणि दहा मिनिटांत जगातील बहुतेक सर्व असुरक्षित यंत्रे त्याने गाठली. गणिताच्या शिक्षकांना भूमिती श्रेढीचे यापेक्षा चांगले उदाहरण मिळणार नाही. तो ज्या भोकातून शिरला, त्याचे ठिगळ जुलै २००२ मध्येच उपलब्ध होते. सहा महिने झाले होते, पण लावलेले नव्हते. त्याच वर्षी 'ब्लास्टर' आला. त्याचे ठिगळ १६ जुलै २००३ ला प्रसिद्ध झाले आणि किडा ११ ऑगस्टला. म्हणजे फक्त २६ दिवस.

हे अंतर घटण्याचे एक कारण ठिगळातच दडलेले आहे. कंपनी ठिगळ देते, तेव्हा भोक नेमके कुठे आहे हेही ती नकळत सांगून टाकते. जुनी आणि नवी आज्ञावली शेजारी ठेवून फरक शोधला, की चोराला वाट सापडते. म्हणजे ठिगळ प्रसिद्ध झाल्याच्या दिवसापासून ते न लावणाऱ्याचा धोका वाढतो. ऑक्टोबर २००३ पासून मायक्रोसॉफ्टने ठिगळांसाठी महिन्यातील दुसरा मंगळवार ठरवून टाकला (आपल्याकडे तेव्हा मंगळवारची रात्र झालेली असते), आणि नंतरच्या बुधवाराला जाणकारांनी गमतीने 'हल्ल्याचा बुधवार' असे नाव दिले.

मग लोक ठिगळे लावत का नाहीत? आळस हे उत्तर सोपे आहे आणि ते बरेचसे चुकीचे आहे. आमचाच अनुभव सांगतो. आमच्या प्रयोगशाळेत एक वर्णपटमापक आहे. त्याला जोडलेला संगणक विंडोज एक्सपीवर चालतो. एका उन्हाळ्यात कुणीतरी भल्या हेतूने त्या संगणकावर साचलेली सगळी ठिगळे लावली आणि दुसऱ्या दिवशी संगणक मापकाला ओळखेना. एका विद्यार्थिनीची तीन आठवड्यांची निरीक्षणे खोळंबली. नव्या प्रणालीवर चालेल अशी आज्ञावली मिळेल का, असे उत्पादकांना विचारले, तर त्यांनी नव्या यंत्राचेच दरपत्रक पाठवले. तेव्हापासून त्या संगणकावर एक कागद चिकटवलेला आहे : 'हात लावू नये.' ज्यांच्या शाळेत निकालपत्रकाची एखादी जुनी आज्ञावली एकाच संगणकावर चालते, त्यांना हा कागद ओळखीचा वाटेल.

याला सुसंगतीचा प्रश्न म्हणतात. जुने उपकरण आणि जुनी आज्ञावली नव्या प्रणालीशी जुळली पाहिजे, असे आपण सारे मागतो. प्रणाली बनवणारेही आपल्यासाठी जुन्या वाटा उघड्या ठेवतात. २०१७ साली जे घडले, ते अशाच एका वाटेने.

एका संगणकावरील फाइल दुसऱ्यावरून उघडण्यासाठी विंडोज 'एसएमबी' नावाची संदेशपद्धती वापरते. तिचे मूळ १९८० च्या दशकातले. तिच्या नव्या आवृत्त्या निघाल्या, तरी पहिली आवृत्ती विंडोजमध्ये चालू अवस्थेत राहिली, कारण जुने छपाईयंत्र आणि जुना स्कॅनर यांना तीच एक भाषा येत होती. या पहिल्या आवृत्तीत वर सांगितलेल्या जातीचीच चूक होती : येणाऱ्या मजकुराच्या लांबीचा हिशेब चुकत होता. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी तिचे ठिगळ दिले. १४ एप्रिलला 'शॅडो ब्रोकर्स' या नावाने वावरणाऱ्या अज्ञात मंडळींनी त्या भोकातून शिरण्याचे तयार हत्यार जगासमोर उघडे केले. हे हत्यार अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेकडून चोरीस गेलेले होते, असे मायक्रोसॉफ्टच्या अध्यक्षांनी पुढे जाहीरपणे म्हटले. नागरिकांच्या संगणकातील भोक सापडल्यावर ते बुजवण्याऐवजी जपून ठेवणे आम्हाला तरी अक्षम्य वाटते. असो.

१२ मे २०१७, शुक्रवार. ठिगळ देऊन ५९ दिवस झाले होते. त्या दिवशी 'वॉनाक्राय' नावाचा किडा सुटला. तो फाइली कुलूपबंद करी आणि किल्लीसाठी ३०० डॉलर बिटकॉइनच्या रूपात मागे. तो सुमारे १५० देशांत पोहोचला. सर्वांत जास्त चर्चा झाली ती ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेची. इंग्लंडमध्ये रुग्णालये चालवणाऱ्या २३६ न्यासांपैकी किमान ८० न्यासांच्या कामावर परिणाम झाला. रुग्णांच्या ६,९१२ भेटी रद्द झाल्याची नोंद झाली. प्रत्यक्षात हा आकडा १९,००० च्या वर असावा, असा आरोग्यसेवेचाच अंदाज होता. पाच भागांत तातडीच्या रुग्णांना दूरच्या रुग्णालयात जावे लागले.

हा किडा थांबला, तोही योगायोगाने. कामाला लागण्यापूर्वी तो इंटरनेटवर एका विचित्र नावाचा पत्ता शोधी आणि तेथून उत्तर आले तर स्वस्थ बसे. मार्कस हचिन्स या २२ वर्षांच्या ब्रिटिश तरुणाने किड्याचा माग काढण्यासाठी तो पत्ता, कुणाच्याच मालकीचा नसल्याने, थोडे पैसे भरून आपल्या नावावर केला. त्याबरोबर प्रसार मंदावला. आपण काय केले, हे त्यालाही नंतर कळले.

त्या आठवड्यात सर्वत्र एकच गोष्ट छापून आली : रुग्णालये जुनाट एक्सपी वापरत होती, म्हणून हे झाले. एक्सपीची मुदत ८ एप्रिल २०१४ ला संपलेली होती, त्यामुळे हे पटण्यासारखे होते. पण पुढे मोजणी झाली, तेव्हा कॅस्परस्की या कंपनीला आढळले की बाधित संगणकांपैकी सुमारे ९८ टक्के विंडोज ७ वर चालत होते. एक्सपीवर हा किडा धड चालतच नसे. बहुधा यंत्रच निळा पडदा दाखवून बंद पडे! विंडोज ७ ची मुदत तेव्हा संपलेली नव्हती. ठिगळ तयार होते, फुकट होते, आणि ते लावा अशा सूचना ब्रिटिश आरोग्यसेवेत मार्च व एप्रिलमध्ये गेलेल्या होत्या. पण रुग्णालयातील संगणक बंद करून पुन्हा सुरू करायचा, तर त्याला जोडलेले यंत्र पुन्हा चालेल याची हमी कोण देणार? आमच्या वर्णपटमापकाने तीन आठवडे घेतले. क्ष-किरणाच्या यंत्राला तीन आठवडे देता येत नाहीत.

येथपर्यंतची गोष्ट वाचून 'ठिगळ लगेच लावावे' असे कुणी ठरवील. पण सहा आठवड्यांतच दुसरी घटना घडली, आणि तिने हे प्रकरण इतके सरळ राहू दिले नाही. युक्रेनमध्ये कराचा हिशेब देण्यासाठी 'मी-डॉक' ही आज्ञावली सर्रास वापरली जाते. तिच्या कंपनीच्या संगणकांत घुसखोरी झाली आणि आज्ञावलीच्या नव्या सुधारणांबरोबर ग्राहकांकडे एक चोरदरवाजाही गेला. म्हणजे ज्यांनी सुधारणा नेमाने घेतल्या, त्यांच्याच घरात चोर आला. २७ जून २०१७ रोजी या वाटेने 'नॉटपेट्या' सुटला. एकदा आत शिरल्यावर तो एसएमबीचे भोक तर वापरीच, शिवाय संगणकाच्या स्मृतीतील परवलीचे शब्द चोरून ठिगळ लावलेल्या शेजाऱ्यांकडेही जाई. जाळ्यातील एक कच्चा संगणक बाकीच्या पक्क्यांना बुडवू शके. खंडणीचा मजकूर पडद्यावर होता, पण ते नाटक होते. फाइली परत मिळण्याची सोयच नव्हती.

डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीला ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. जगभरच्या कार्यालयांतील संगणकांची ओळख सांभाळणारे तिचे सर्व्हर एकापाठोपाठ एक पुसले गेले. वाचला तो घानामधील एक, कारण हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेलेली होती. भारनियमनाचा असा उपयोग आपल्याकडेही कुणाला सुचला नसेल. या हल्ल्याची झळ आपल्या दारापर्यंत आली होती. न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क समूहाकडे असलेल्या धक्क्याचे संगणकीय काम ठप्प झाले आणि कंटेनरची वाहतूक अडकून पडली.

सुधारणेमुळेच घात होण्यास चोर असावाच लागतो असेही नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष सुधारणेने जगातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले. आपल्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. चूक काय होती? आज्ञावली अर्जातला २१ वा चौकोन वाचायला गेली; दिलेले होते २०.

आता शाळांकडे येऊ. विंडोज १० ची नेहमीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. विंडोज ११ ला सुरक्षेसाठी एक विशिष्ट चिप आणि ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट असलेले अनेक संगणक तेथे जाऊ शकत नाहीत. ते भंगारात काढणे हा एकमेव उपाय नाही. केरळच्या शाळांनी पूर्वीच लिनक्स या मुक्त प्रणालीची वाट धरली आणि तिच्यावर बऱ्याच जुन्या यंत्रांनाही ठिगळे मिळत राहतात. पण निकालाची ती जुनी आज्ञावली लिनक्सवर चालेलच असे नाही, हेही खरे. अशा वेळी शिक्षकांनी दोन कामे वेगळी करून पाहावीत. जे संगणक जाळ्यात आहेत, त्यांना ठिगळे वेळेवर लावावीत; सगळ्यांना एकदम नव्हे, आधी एकाला लावून दोन दिवस पाहावे. एसएमबीची पहिली आवृत्ती कुठे चालू आहे का, ते तपासून बंद करावे. आणि ज्याला ठिगळ लागूच शकत नाही, तो जाळ्यातून काढावा. मुलांच्या गुणांची व पत्त्यांची एक प्रत संगणकापासून वेगळी, कपाटात असावी. घानामध्ये वीज गेल्याने जे आपोआप झाले, ते येथे आपण जाणूनबुजून करायचे.

आमचा वर्णपटमापक अजून चालतो. कागद तसाच आहे. फक्त २०१७ च्या जूनमध्ये आम्ही त्या संगणकाची जाळ्याची केबल काढली आणि गुंडाळून टेबलाच्या मागे ठेवली. निरीक्षणे आता विद्यार्थी सीडीवर उतरवून नेतात. कोऱ्या सीडी अलीकडे दुकानांत सहज मिळत नाहीत, एवढीच अडचण आहे.