इम्प्लांटचे अपयश: निदान आणि उपचार

१९६५ साली स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे पर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी योस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात दातांच्या मुळांऐवजी टायटॅनियमचे स्क्रू, म्हणजेच इम्प्लांट, बसवले. लार्सन २००६ मध्ये वारले, तोवर ते स्क्रू काम देत होते. या यशाचे मूळ हाड आणि धातू यांच्या थेट सांध्यात आहे, आणि अपयशाचा विचारही तिथूनच करावा लागतो. सांधा जुळलाच नाही, की जुळून नंतर सुटत गेला, हे आधी ठरवायला हवे.

न जुळण्याची कारणे बहुधा शस्त्रक्रियेच्या आसपासची असतात. छिद्र पाडताना हाडाचे तापमान ४७ अंश सेल्सिअसवर मिनिटभर राहिले तरी हाडाला इजा होते. पाण्याची धार सोडतात ती यासाठी. सुरुवातीची पकड केवळ स्क्रूच्या आट्यांची असते. जुने हाड विरघळून नवे तयार होईपर्यंत, साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, ती सर्वांत कमी होते. तेव्हा इम्प्लांट हलत राहिला, तर भोवती हाडाऐवजी तंतुमय ऊतक तयार होते.

उशिरा येणारे अपयश अधिक फसवे. नैसर्गिक दाताच्या मुळात हिरडीचे तंतू आडवे रुतलेले असतात. इम्प्लांटभोवती ते समांतर, नुसते टेकलेले असतात. त्यामुळे जंतूंचा दाह हाडापर्यंत लवकर उतरतो, आणि तोही बहुधा न दुखता. ‘दुखत नाही, म्हणजे ठीक आहे’ हा समज म्हणूनच घातक आहे. हलक्या हाताने प्रोब, म्हणजे खोली मोजायची बारीक सळई, फिरवल्यावर येणारे रक्त, पू आणि हिरडी व इम्प्लांट यांमधल्या फटीची वाढत जाणारी खोली ही खरी लक्षणे. हाड शाबूत असून केवळ हिरडी सुजली असेल, तर आजार परतवता येतो. हाड किती गेले, हे मात्र जुन्या एक्स-रेशी ताडूनच कळते. इम्प्लांटवर कॅप, म्हणजे कृत्रिम दात, बसवल्यावर काढलेल्या एक्स-रेची प्रत प्रत्येक रुग्णाने मागून जपून ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन. ती नसेल, तर २०१७ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार रक्तस्रावासह ६ मिलिमीटर किंवा अधिक खोली आणि ३ मिलिमीटर किंवा अधिक हाडझीज हा निकष धरतात.

दात हलतो या तक्रारीत एक भेद निर्णायक ठरतो. नुसती कॅप हलत असेल, तर बहुधा तिला इम्प्लांटशी जोडणारा आतला छोटा स्क्रू सैल झालेला असतो. तो पुन्हा आवळता येतो किंवा बदलता येतो. स्वतः इम्प्लांट हलत असेल, तर हाडाशी जोड उरलेली नाही आणि तो काढणे हाच उपचार. तिथे प्रतिजैविकांचे कोर्स देत राहणे म्हणजे उरलेले हाड गमावणे.

स्थिर पण दाह झालेल्या इम्प्लांटची आधी यांत्रिक सफाई करतात. कॅपखाली सिमेंट अडकले असेल तर ते काढतात, आणि कॅपच्या आकारामुळे ब्रश पोहोचत नसेल तर आकारही बदलतात. काही आठवड्यांनी फेरतपासणीत रक्त आणि खोली कायम दिसली, तर हिरडी उघडून इम्प्लांटचा खडबडीत पृष्ठभाग स्वच्छ करावा लागतो. झीज वाटीसारखी असेल तर हाडाची भर घालून पाहता येते. सपाट झिजेत ती टिकत नाही. तंबाखू, मिश्री, अनियंत्रित मधुमेह आणि हिरड्यांचा जुना आजार यांकडे दुर्लक्ष केले, तर चांगली शस्त्रक्रियाही वाया जाते.

काढलेल्या जागी हाड भरून आल्यावर पुन्हा इम्प्लांट बसवता येतो. पण पहिल्या वेळेपेक्षा यशाची खात्री कमी असते. म्हणून ब्रिज किंवा कवळीचा पर्यायही त्याच वेळी रुग्णापुढे मांडायला हवा.